रक्तवाढीची गोळी घेताना

आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली ती आधी नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात आणि पुढे निवृत्तीपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात. कुणी नर्सबाई म्हणायचं, कुणी सिस्टर. पिशवीत बाकी काही असो-नसो, लोहाच्या गोळ्या कायम असायच्या. बायका त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतात, ताकदीच्या गोळ्या म्हणतात, आणि पुष्कळदा घेऊन ट्रंकेत ठेवून देतात.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, जवळपास ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे गोळीची गरज आहे, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तरीही आकडा खाली येत नाही. याचं एक मोठं कारण मी घरोघरी पाहिलं: आपण ही गोळी खुराक समजून घेतो. ती औषध आहे. कुणी घ्यायची, कधी, कशाबरोबर, किती दिवस, हे सगळं तिला लागू आहे. नको त्या पोटात गेली तर ती जीव घेऊ शकते. म्हणून सुरुवात तिथूनच करते. बाकीचं वाचायचं राहिलं तरी चालेल, पण पहिला मुद्दा वाचा.

१. घरात लहान मूल असेल तर आधी गोळ्यांची जागा ठरवा.

गरोदर बाईला मिळणारी सरकारी गोळी लाल असते आणि तिच्यावर साखरेचं आवरण असतं. कडू लागू नये म्हणून ते घातलेलं असतं. मुलाच्या जिभेला मात्र ती लिमलेटच्या गोळीसारखीच लागते. आणि ज्या घरात गरोदर किंवा बाळंतीण बाई असते, त्याच घरात पुष्कळदा आधीचं दीड-दोन वर्षांचं मूल असतं. गोळ्यांची पट्टी उशाखाली, खिडकीत, देवळीत, गोधडीच्या घडीत. मुलाचा हात जिथे सहज जातो त्याच या जागा.

हिशेब समजून घ्या. या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे लोह पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, आणि ६० च्या घरात गेलं की जिवावर बेततं. साधारण वर्षाच्या मुलाचं वजन दहा किलोच्या आसपास असतं. त्याच्यासाठी दहा गोळ्यांची एक पट्टी म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानातल्या कित्येक गोळ्यांत १०० मिलिग्रॅम लोह असतं, तिथे सहाच गोळ्या पुरतात.

या विषबाधेत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. एका घरी मूल आईच्या गोळ्या चघळताना सापडलं. उलट्या झाल्या, जुलाब झाले. मला निरोप आला तोवर दुपार झाली होती, उलट्या थांबल्या होत्या आणि मूल आजीच्या मांडीवर शांत बसलं होतं. आजी म्हणाली, “बाई, आता बरं हाय त्याला. कशाला उगा दवाखान्यात नेऊन सुया टोचायच्या?” मी तिथूनच गाडी बोलावली. लोहाच्या विषबाधेत पहिल्या काही तासांच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल सुधारल्यासारखं दिसतं. ही शांतता दिवसभरही टिकू शकते. आत मात्र लोह रक्तातून यकृतापर्यंत पोचत असतं, आणि नंतर मूल एकदम ढासळतं. ते मूल जिल्हा रुग्णालयात गेलं, त्याला लोह बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध वेळेत मिळालं, आणि ते वाचलं. त्या औषधाचं नाव डेस्फेरिऑक्सामिन. ते गावात मिळत नाही, मोठ्या रुग्णालयातच देतात.

म्हणून मुलाने गोळ्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-अंडं पाजत वेळ घालवू नका. रिकामी पट्टी बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना किती गोळ्या आणि किती ताकदीच्या हे मोजता येईल. इतर विषबाधेत पोटात देतात तो कोळसा लोहाला धरून ठेवत नाही, त्यामुळे गावातल्या गावात काही करून भागवता येत नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंमुळे १९९७ साली लोहाच्या गोळ्यांच्या वेष्टनावर मुलांबाबतचा इशारा छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे इशारा छापलेला असो वा नसो, गोळ्या कुलपाच्या कपाटात किंवा फळीवर उंच ठेवा. आणि मुलाला औषध देताना “गोड गोळी हाय, खा” असं कधीही सांगू नका. मी हे वाक्य ऐकलं की तिथल्या तिथे थांबवायची.

२. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं धरून चालू नका.

हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली, गरोदर असताना ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं म्हणतात. पण ते का कमी आहे, हे हा आकडा सांगत नाही.

सातपुड्यात हे मला फार लवकर कळलं. तिथे सिकलसेल आहे. नंदुरबारात आहे, गडचिरोलीत आहे, विदर्भाच्या बऱ्याच भागात आहे. सांधे दुखतात, अंग पिवळं पडतं, मूल वारंवार आजारी पडतं, आणि रक्त कमी. अशा रुग्णाला तपासल्याशिवाय नुसतं लोह देत राहिलं तर आजार तसाच राहतो. ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात तर आधीच लोह साचत असतं, हृदयात आणि यकृतात. त्याच्यासाठी गोळी म्हणजे साचलेल्यात भर. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांचंही तसंच.

थॅलेसेमियाचे वाहक ही वेगळी गोष्ट. त्यांना आजार नसतो, पण हिमोग्लोबिन थोडं कमी आणि तांबड्या पेशी बारीक दिसतात. अहवाल पाहून कुणीही म्हणेल, लोहाची कमतरता आहे. मग वर्षानुवर्षं गोळ्या चालतात आणि आकडा तसूभर हलत नाही. सिंधी, कच्छी लोहाणा, भानुशाली समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण इतर कुठल्याही समाजात ते सापडतात. हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी आयुष्यात एकदा केली की प्रश्न मिटतो. ती लग्नाआधी झाली तर फारच चांगलं, कारण नवराबायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक बाईला लोहाची गोळी वर्ज्य आहे असंही नाही. लोह खरंच कमी असेल तर तिलाही ती लागते. पण आधी पाहा, मग घ्या.

तिसरी गोष्ट बी-१२ ची. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, आणि दूधदुभतं घरी न ठेवता विकून संसार चालवणारीही पुष्कळ. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. आता लोहाच्या गोळीत फोलिक ॲसिड असतंच. बी-१२ कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त थोडं सुधारतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळी सुरू करण्याआधी ज्यांना परवडतं त्यांनी सीबीसी आणि फेरिटिन या दोन तपासण्या कराव्यात. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. तो १५ च्या खाली असेल तर कमतरता नक्की, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. ताप किंवा अंगात कुठे सूज असताना हा आकडा खोटाच वाढलेला दिसतो, म्हणून तपासणी बरं वाटल्यावर करा.

३. पट्टीवर मोठ्या अक्षरातला आकडा वाचू नका, लोहाचा आकडा वाचा.

फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ॲस्कॉर्बेट हे सगळे लोहाचे क्षार. क्षाराचं वजन वेगळं आणि त्यातलं निखळ लोह वेगळं. फ्युमरेटमध्ये ते साधारण तिसरा हिस्सा, सल्फेटमध्ये पाचवा हिस्सा. ‘एलिमेंटल आयर्न’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथला आकडा तुमच्या कामाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा, “यात निव्वळ लोह किती?”

हे सांगण्याचं कारण असं की गरोदर बाईकडे मला कित्येकदा तीन-तीन औषधं सापडायची. सरकारी लाल गोळी, खासगी डॉक्टरांनी लिहिलेली दुसरी, आणि नवऱ्याने कौतुकाने आणलेली टॉनिकची बाटली. नावं तिन्ही वेगळी, आत तेच लोह. तिला मळमळून जेवण जात नसे आणि घरचे म्हणत, गोळी गरम पडली. दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर मांडा. त्यांनी कोणती ठेवा म्हटलं ती ठेवायची.

४. गोळी आणि चहा यांची गाठ पडू देऊ नका.

सगळ्यात जास्त लोह वाया जातं ते इथे. चहातली आणि कॉफीतली तुरट द्रव्यं आतड्यात लोहाला बांधून टाकतात. बांधलेलं लोह संडासवाटे निघून जातं. आपल्या बाईचा दिवस बघा: उठल्यावर चहा, भाकरी झाली की चहा, शेतावरून आली की चहा, पाहुणा आला की चहा. यात गोळीला जागा शोधावी लागते, आपोआप ती सापडत नाही.

मी बहुतेकींना रात्रीची वेळ सांगायची. जेवण झालं, भांडी घासली, तास-दोन तास गेले, की ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गोळी. त्या वेळी चहा नसतो, मळमळ झाली तरी झोपेत निघून जाते. फक्त घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, अर्धा तास बसायचं. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते. म्हाताऱ्या माणसांना तर घोटभर पाण्यावर गोळी देऊच नका.

दूध, ताक, दही यांच्यातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात, दिवसातून दोन वेळा. लाल गोळी आणि पांढरी गोळी एकदम तोंडात टाकणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या. दोन्ही चांगल्याच, पण एकत्र नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणासोबत, लोह रात्री, असं बसवलं की लक्षातही राहतं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. लोह तिला बांधून ठेवतं आणि थायरॉइडचा आकडा बिघडतो. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, लोहाची रात्री. पित्ताच्या गोळ्या रोज घेत असाल तर लोह कमी शोषलं जातं, ते डॉक्टरांच्या कानावर घाला. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक्स चालू असतील तेव्हाही सांगा, कारण तिथे लोहामुळे त्या औषधाचाच असर कमी होतो.

लिंबूपाणी चालतं, आवळा चालतो, पेरू चालतो. त्यांच्यातलं व्हिटॅमिन सी लोहाला मदत करतं. त्यासाठी वेगळी सीची गोळी मात्र विकत घेऊ नका. शांघायमध्ये झालेली एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात नुसती लोहाची गोळी घेणाऱ्यांचं आणि सोबत सीची गोळी घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच वाढलं. त्या पैशाची लिंबं आणा.

५. मळमळलं म्हणून गोळी सोडू नका, वेळ बदला. जास्त घेतल्याने जास्त भरत नाही.

मळमळ, पोटात कळ, बद्धकोष्ठ, क्वचित जुलाब, हे होतं. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण उपाशीपोटी घेऊन चौथ्या दिवशी सोडण्यापेक्षा थोडं खाऊन घेतलेली आणि चालू राहिलेली गोळी कधीही बरी. बद्धकोष्ठ असेल तर पाणी वाढवा, पालेभाजी आणि फळ वाढवा. नाहीच जमलं तर डॉक्टर कमी लोहाची किंवा दुसऱ्या क्षाराची गोळी देतात. एक दिवस राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

याच्यामागचं शास्त्र मला निवृत्तीच्या आसपास वाचायला मिळालं आणि पुष्कळ गोष्टी उलगडल्या. यकृतात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार होतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की ते वाढतं आणि पुढचा दिवसभर आतड्याचं दार लोटून घेतं. मग लगेच घेतलेल्या दुसऱ्या गोळीतलं लोह आत जातच नाही, आतड्यात पडून राहतं आणि पोट बिघडवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ साली तरुण बायकांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं की एक दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. म्हणून आता काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी लिहून देतात. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. पण गरोदर बाईने हा बदल आपल्या मनाने करायचा नाही. तिच्यासाठी सरकारी पद्धत रोज एक गोळीची आहे, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी निघालं तर रोज दोन सांगतात आणि दर महिन्याला तपासतात.

६. काळी संडास होणारच. कोणती काळी, ते ओळखा.

हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या दिवशी घाबरून गोळी बंद करते. न शोषलेल्या लोहामुळे संडासला काळसर-हिरवट होते. त्यात काही वाईट नाही. पण डांबरासारखी चिकट, चकचकीत, घाण वास मारणारी काळी असेल, किंवा सोबत चक्कर, पोटात दुखणं, रक्ताची उलटी असेल, तर ते पोटातलं रक्त आहे. त्याच दिवशी दवाखाना. लहान मुलांच्या औषधाने दात काळे पडतात, म्हणून थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचे आणि वर पाणी पाजायचं. डाग दात घासून निघतात.

७. घरातल्या मोठ्या बाईशी बोला.

गोळीचा निर्णय सून घेत नाही, हे ज्यांनी गावात काम केलं त्यांना सांगायला नको. “गोळ्यांनी बाळ काळं होतं,” “बाळ मोठं होतं, मग बाळंतपण अडतं,” “आम्ही कुठं खाल्ल्या होत्या गोळ्या?” हे मी ओसरीवर बसून खूप ऐकलं. मी सुनेच्या हातात पट्टी देऊन कधी निघाले नाही. सासूबाईंना बोलावून घ्यायचे. “मावशी, बाळाचा रंग आईबापावर जातो, गोळीवर नाही. आणि बाळंतपणात रक्त जातंच. जिच्या अंगात आधीच कमी आहे, तिला ते सोसत नाही.” तुमच्या वेळेला किती बायका बाळंतपणात गेल्या, असं मी त्यांनाच विचारायची. प्रत्येकीला एखादी जाऊ, एखादी नणंद आठवायची. मग त्या गप्प व्हायच्या आणि पुष्कळदा तीच सासू रोज रात्री सुनेला हाक मारून गोळी द्यायची. माझ्या हाताखालून गेलेल्या गरोदर बायकांत ज्यांनी गोळ्या पूर्ण केल्या, त्यांच्या मागे बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी असं उभं होतं.

नवऱ्यांनाही सांगते. रात्री गोळी घेतलीस का, एवढं विचारायला काही पडत नाही.

८. शाळेतली निळी गोळी जेवणानंतरच.

दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. पुष्कळ ठिकाणी सोमवारी. श्रावणात निम्म्या मुली उपाशी असतात. उपाशी पोरीला गोळी दिली की ती ओकते, तिचं पाहून दुसरी, मग सगळा वर्ग, आणि संध्याकाळपर्यंत गावभर विषबाधेची बातमी. उपास असणारीला त्या दिवशी देऊ नका, मंगळवारी द्या. शिक्षकांनी आणि ताईंनी मुलांसमोर स्वतः गोळी घ्यावी असं सरकारी सूचनेतच आहे. मी ते करून पाहिलं आहे, पोरींची भीती निम्मी होते.

पाटीवरची पेन्सिल, माती किंवा सारखा बर्फ खाणारी पोर दिसली तर तिला रागावू नका. अंगात लोह कमी असलं की अशी वखवख होते. तिचं रक्त तपासा. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनी शाळेत आणि अंगणवाडीत मिळते, ती चुकवू देऊ नका. आकडेकृमी आतड्यात रक्त पीत असतील तर लोह किती घालणार?

९. ताप असेल तर गोळी थांबवा.

ताप, न्यूमोनिया, जोराचे जुलाब चालू असताना लोहाची गोळी देत नाहीत, बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करतात. अतितीव्र कुपोषित मुलालाही सुरुवातीला लोह देत नाहीत. याची किंमत कळली ती टांझानियातल्या पेम्बा बेटावर. तिथे हिवतापाचा जोर होता आणि सरसकट लहान मुलांना लोह-फोलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात काम करणाऱ्यांनी मुलाचा ताप आधी तपासावा, मग बाटली उघडावी.

१०. बीट आणि डाळिंबाच्या भरवशावर राहू नका.

लाल रंगामुळे लोकांना वाटतं यात रक्त आहे. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, डाळिंबात त्याहून कमी. खा, चांगलीच आहेत, पण हिमोग्लोबिन आठ असताना ती गोळीची जागा घेत नाहीत. नाचणी-बाजरीची भाकरी, डाळी-उसळी, पालेभाजी, अळिवाचे लाडू, खात असाल तर मटण-कलेजी, आणि भाजीवर लिंबू. रक्त परत खाली जाऊ नये म्हणून हे आहे. खाली गेलेलं वर आणायला औषध लागतं.

११. सलाईनमधून लोह फक्त दवाखान्यात.

“बाई, गोळ्या नको, एक रक्तवाढीचं सलाईन लावून टाका.” याला मी दर वेळी नाही म्हटलं. गोळी खरंच सोसत नाही, रक्त फार कमी आहे, बाळंतपण जवळ आलं आहे, तेव्हा शिरेतून लोह देणं हा फार चांगला उपाय आहे. पण त्याची क्वचित जोरदार ॲलर्जी येते. तिच्यावरची औषधं आणि डॉक्टर समोर असले पाहिजेत, आणि सलाईन संपल्यावर अर्धा तास तरी तिथेच बसायला हवं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत. घरी येऊन सलाईन लावून देणाऱ्याकडून ते घेऊ नका.

१२. थांबायचं कधी, हे सुरू करतानाच विचारून घ्या.

गोळी लागू पडत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढलेलं दिसतं. वाढलं नाही तर गोळी बदलत बसू नका, कारण शोधा: गोळी खरंच घेतली का, चहाबरोबर घेतली का, रक्त कुठून जातंय का, की आजारच वेगळा आहे. वाढलं तर लगेच बंदही करू नका. आकडा बरोबर आल्यावर आणखी साधारण तीन महिने चालू ठेवतात, कारण रक्त भरलं तरी साठा रिकामाच असतो. पण एकदा साठा भरला, कारण मिटलं, की थांबायचं. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची सोय नाही. दुकानातून आपल्या मनाने वर्षानुवर्षं आणून घेणारी माणसं मला भेटली आहेत, पुरुषसुद्धा, थकवा आला की एक पट्टी. हे करू नका.

१३. रक्त जातंय कुठून, ते विचारा.

पाळीत गाठी जातात, आठ-आठ दिवस अंगावरून जातं, आणि बाई म्हणते, “आमच्या घराण्यात असंच हाय.” तिला गोळी हवीच, पण गर्भाशयाची तपासणीही हवी. गाठ असेल तर ती वर्षभर गोळ्या खाईल आणि दर महिन्याला मिळवलेलं घालवेल.

त्याहून जास्त काळजी मला पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांची आणि पाळी थांबलेल्या बायकांची वाटते. त्यांच्या अंगातून महिन्याला रक्त जात नाही. तरीही लोह कमी निघालं तर ते बहुतेक वेळा पोटातून, आतड्यातून जात असतं: मूळव्याध, जठरातली जखम, रोज घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, आणि कधी कधी आतड्याचा कर्करोग. गोळी सुरू केली की हिमोग्लोबिन वाढतं, माणसाला बरं वाटतं, आणि तपासणी पुढे ढकलली जाते. तुमच्या घरात या वयाच्या कुणाच्या अहवालात लोह कमी आलं असेल तर गोळी जरूर सुरू करा, आणि त्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे नेऊन दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर तो बहुतेक वेळा बरा होतो.